कुलकर्ण्यांच्या घरावरचे पत्रे

"घर पाडून दुसरं बांधता येतं, मांगीलालजी. जागा कुठून आणता?" मोंढ्यातल्या गिरधारीलालनी तिसऱ्यांदा तेच विचारलं आणि पान गालात सारलं.

मांगीलाल दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसले होते. समोर त्यांचा मुलगा बजरंगलाल उभा होता. गिरधारीलालना त्यानंच बोलावून आणलं आहे हे मांगीलालना कळत होतं, आणि त्याचाच राग जास्त होता. घरातली गोष्ट मोंढ्याच्या बाजारात गेली की तिचा भाव दुसरेच ठरवतात, घरच्यांना कोणी विचारत नाही.

परतूरला त्या हिवाळ्यात दोन घरं विकायला निघाली होती. एक स्टेशनच्या रस्त्यावर, मोंढ्याला लागून. कोणा कापसाच्या जिनवाल्यानं बांधलेलं, नवंच. पुढे दुकान निघेल, मागे राहता येईल, भरलेली गाडी दाराला लागेल. पण घर म्हणाल तर नुसता खोका. चार भिंती आणि वर फरशी. ना ओसरी, ना चौक, ना देवाला धड कोनाडा.

दुसरं घर जुन्या गावात, वेशीच्या आत. नरहर कुलकर्णी वकिलांचं. मुलूख मुंबई राज्यात गेला तसं वकिलांनी बिऱ्हाड औरंगाबादला हलवलं आणि घर विकायला काढलं. सागवानी खांब, सागवानी तुळया, मध्ये चौक, वर छपराऐवजी पांढऱ्या मातीचं सपाट माळवद, आणि दाराच्या चौकटीवर कोरलेले राघू. घराला बघून माणसानं पागोटं नीट करावं असं घर. पण गल्ली इतकी अरुंद की समोरून बैलगाडी आली तर आपण कोणाच्या तरी ओसरीवर चढायचं. आणि मोंढ्यापासून तंगडतोड.

"बाबूजी, पहाटे माल उतरतो," बजरंग म्हणाला. "तुम्ही वेशीतून चालत येईपर्यंत इकडे सौदा झालेला असतो. नक्षी बघून कोणी घर घेतं का?"

"तुझी आई घ्यायचं म्हणत होती."

गिरधारीलालनी खाली बघत पानाची पिंक टाकली, "बरं, येतो," म्हणाले आणि उठले. बजरंग कापसाच्या गाठी मोजायला निघून गेला.

प्रेमबाईला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. कार्तिकात ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि दुकानामागच्या त्या दोन खोल्यांत ती गेली. मांगीलालना अजून सवय झाली नव्हती. संध्याकाळी दुकान बंद करून आत वळताना ते खाकरायचे. आत सून असते, तिला पदर ओढायला वेळ मिळावा म्हणून खाकरायचंच. पण पूर्वी त्या खाकरण्याला आतून "या" असं उत्तर यायचं. आता फक्त बांगड्या वाजायच्या आणि सून आतल्या खोलीत जायची.

सुनेचं नाव संतोषबाई. मारवाड्याच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही, तोंड दाखवत नाही. जे काय असेल ते सासू सांगते. "बींदणी म्हणते तेल संपलं." "बींदणी म्हणते तिच्या भावाचं लग्न ठरलं." प्रेमबाईच्या तोंडूनच मांगीलालना सून माहीत होती. आता ते तोंडच नव्हतं. तेल संपलं की बजरंगच्या लक्षात येईल तेव्हा यायचं.

आणि कुलकर्ण्यांचं घर. लग्नानंतरची पहिली पुष्कळ वर्षं मांगीलाल आणि प्रेमबाई जुन्या गावातच राहत होते, गोजरबाई माळणीच्या घरी, भाड्यानं. तिच्या घराची आणि कुलकर्ण्यांच्या घराची पाठीला पाठ. दारं मात्र वेगवेगळ्या गल्ल्यांत. पोलीस अॅक्शननंतर मोंढा वाढला, दुकान वाढलं, मांगीलालनी बिऱ्हाड दुकानामागे आणलं. तेव्हापासून प्रेमबाई अधूनमधून म्हणायची, "कुलकर्ण्यांचं घर कधी विकायला निघालं तर माझ्या कानावर घाला."

"काय आहे त्या घरात?" मांगीलाल विचारायचे.

"तुम्हाला नाही कळायचं," म्हणून ती हसायची.

मांगीलालना वाटायचं, कळतं. नव्या नवरीला घेऊन आले तेव्हा त्या दारापाशी ती घुंगटातून थबकली होती आणि राघू बघत उभी राहिली होती. मागून त्यांनी "चल" म्हटलं होतं. ते राघू तिच्या मनात राहिले असणार. दुसरं काय?

माघात त्यांनी घर घेतलं. बजरंग एक महिना त्यांच्याशी सरळ तोंडानं बोलला नाही.

*

घर घेणं सोपं, दुरुस्ती ही खरी साडेसाती. मच्छिंद्र नावाचा गवंडी मिळाला. माणूस गोड. कशालाही नाही म्हणायचा नाही.

"चौकाची फरशी उखडून पुन्हा बसवायची."

"बराबर हाय शेठ."

"पण उखडू नको, नुसते सांधे भर."

"ते बी बराबर हाय."

"अरे, दोन्ही बराबर कसं?"

"तुमचं घर हाय, तुम्ही म्हणता ते बराबर."

उद्या येतो म्हणाला की परवा यायचा, आणि परवा आला की काल सासुरवाडीला टेंभुर्णीला गेल्तो म्हणायचा. चुना भिजवून ठेवायचा आणि वाळूची गाडी यायची नाही. वाळू यायची तर गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकायची आणि गल्लीतली माणसं ओसरीवर उभी राहून मांगीलालना अक्कल शिकवायची. बजरंग बाजूला उभा राहून फक्त म्हणायचा, "स्टेशनच्या घरी गाडी दाराला लागते." वेगळं काही नाही, एवढंच. मांगीलालना वाटायचं, ह्यानं एकदा शिवी दिली तर बरं.

दाराचं काम मात्र त्यांनी कोणाला करू दिलं नाही. रोज सकाळी अंघोळीआधी ते स्वतः बसायचे. राघूंच्या पंखांतला वर्षानुवर्षांचा काजळी-तेलाचा थर काडीनं कोरून काढायचे, अळशीचं तेल फडक्यानं घासायचे. डावीकडच्या राघूची चोच तुटली होती. परतूरच्या सुताराला जमेना म्हणून अंबडहून माणूस बोलावला. त्यानं बसवलेली चोच कावळ्याची दिसत होती. मांगीलालनी ती काढून टाकायला लावली.

काम चालू असतानाच ते मुलासुनेला घेऊन राहायला आले, कारण दुकानामागच्या खोल्यांत त्यांना झोप लागेना. आणि आल्यापासून घर बरं चाललं होतं. फाल्गुनात दुपारी जेवून ते ओसरीवर पडले की वर माळवदावर धपधप पावलं वाजायची. बायकांचे आवाज यायचे. एकदा सून हसल्याचं त्यांना ऐकू आलं. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण तिचं हसणं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. वरून मातीचे कण गळायचे आणि त्यांच्या उपरण्यावर पडायचे. ते कुरकुरायचे, उपरणं झटकायचे, कूस बदलायचे. ताटात रोज नवा पापड येत होता. कुरडया, सांडगे, काय काय. कोण करतं, कुठे करतं, त्यांनी विचारलं नाही. दुपारी माळवद बायकांचं असतं. पुरुष वर जात नाही, गेलाच तर जिन्यातून खाकरून जातो, ही गावाची रीत त्यांना ठाऊक होती, आणि वर काय असतं हे बघायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

मग चैत्रात अवकाळी पाऊस आला, गारांचा. रात्रभर माळवद गळलं. वकिलांनी जाण्याआधी दोन वर्षं वर माती टाकलीच नव्हती. सकाळी मांगीलालनी बघितलं तर आतल्या बाजूनं दाराच्या चौकटीवरून मातीचे पांढरट ओघळ आले होते आणि राघूंच्या माना भिजून काळ्या पडल्या होत्या. खांबावर हात फिरवला तर हाताला चिखल लागला.

ते खाली बसले. आता दरवर्षी हेच का? दरवर्षी मृगाआधी गवत खुरपायचं, पांढरी माती आणायची, पसरायची, धुमसानं ठोकून बसवायची. हे सगळं घरातली बाई करून घेते. कोण करून घेणार?

"पत्रे टाका," मच्छिंद्र म्हणाला. हे मात्र त्यानं आपणहून सांगितलं, कारण पत्र्याचं काम लवकर उरकतं. "माळवद तसंच राहू द्या. भिंती कमरेएवढ्या उचलू, उतार देऊ, वरून पत्रे. खाली तुमचं लाकूड जन्मभर कोरडं."

"जन्मभर?"

"बिलकुल."

मांगीलालना पटलं. घर वाचेल. प्रेमबाईचं घर वाचेल. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पत्रे आणले आणि गल्लीच्या तोंडापासून हमालांच्या डोक्यावर वाहून नेले.

भिंत दोन-तीन थर वर आली तेव्हा मागच्या बाजूनं हाक आली. मांगीलाल खाकरून जिन्यातून वर गेले. जिना घराच्या पुढच्या बाजूला होता. तिथून मागे बघितलं तर मच्छिंद्रच्या नव्या भिंतीपलीकडे गोजरबाई तिच्या माळवदावर उभी होती, कमरेवर हात ठेवून. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता.

"ओ शेठ, भिंत कामून उचलून राह्यले?"

"पत्रे टाकतोय."

"कुठपर?"

"सगळ्या घरावर."

"सगळ्या?" तिनं भिंतीवर नजर फिरवली. मग म्हणाली, "अन् पत्र्याचं पाणी माझ्या माळवदावर? माझं घर वाहून न्यायचंय का?"

"पन्हाळ लावून देतो. एक थेंब येणार नाही."

"पाण्याचं सोडा हो. प्रेमबाई असती तं—"

"तिचं नाव काढू नका," मांगीलाल तोडून बोलले. "तिच्यासाठीच चाललंय हे सगळं."

गोजरबाईनं त्यांच्याकडे बघितलं. "तिच्यासाठी? बरं बाबा. ज्याचं घर त्याचं राज. आमचं काय, आम्ही पाठीमागचे." आणि ती वळून खाली उतरली.

मांगीलालनी मच्छिंद्रला बजावून पन्हाळ लावून घेतली. त्यांना वाटलं, तंटा मिटला.

*

पत्रे चढले आणि घर गप्प झालं.

आधी त्यांच्या लक्षात आलं नाही. उन्हाळा पेटला होता, मोंढ्यात तुरीचा माल होता. मग एका दुपारी ओसरीवर पडल्यावर त्यांना जाणवलं की उपरण्यावर माती पडत नाही. वर फक्त पत्रे उन्हानं कडकड वाजत होते. ताटातले पापड बंद झाले. वेळेवर जेवण यायचं, पण कधी मीठ कमी, कधी भाकरी करपलेली. सुनेच्या बांगड्या वाजायच्या त्या एकाच जागी, आतल्या खोलीत.

वैशाख सरत आला आणि बजरंग ओसरीवर येऊन उभा राहिला. बसला नाही, म्हणजे बोलायचं होतं.

"बाबूजी, गिरधारीकाकांनी स्टेशनचं घर अजून धरून ठेवलंय. मृगाआधी आम्ही तिकडे जावं म्हणतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि ती. तुम्हीही चला."

"आणि हे?"

बजरंगनं खांबाकडे बघितलं. "विका. नाहीतर तुम्हाला राहायचं तर राहा. मी जबरदस्ती करत नाही."

"दुकानाला लांब पडतं म्हणून बापाला एकटं टाकून जातोस?"

"मी नाही जात! मी तर चालायची सवय लावून घेतली. तीच म्हणते. नाहीतर मला माहेरी पाठवा म्हणते."

मांगीलालना हे खरं वाटेना. "तिथे काय आहे तिला? तो खोका?"

"मीही विचारलं. म्हणाली, तिथे खिडकीतून रस्ता तरी दिसतो."

"रस्ता? ह्या घरात खांब आहेत, चौक आहे, हवा आहे, आणि हिला रस्ता बघायचाय? काय कमी आहे म्हणावं तिला इथे?"

"मला विचारू नका. मला सांगत नाही ती. मी विचारलं की पाठ करते."

"मग कोणाला विचारू?" मांगीलाल ओरडले.

दोघांनाही ठाऊक होतं कोणाला विचारायचं असतं ते.

दुसऱ्या दिवशी बजरंग दुकानात गेल्यावर मांगीलाल थांबून राहिले. दुकानाला उशीर होत होता, तरी थांबले. चौकापलीकडे स्वयंपाकघरात सून होती. ते खाकरले. बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मग ते खांबाकडे तोंड करून, खांबालाच सांगावं तसं, मोठ्यानं बोलले. "घरातल्या माणसांना काही कमी असेल तर सांगावं. आम्हाला मनातलं ऐकू येत नाही."

आतून दूध उतू गेल्याचा वास आला, पण कोणी उठलेलं ऐकू आलं नाही.

"घर काय वाईट आहे?" त्यांनी खांबाला विचारलं. स्वतःच्या आवाजाची त्यांना लाज वाटली. साठीला आलेला माणूस, भर सकाळी खांबाशी भांडतोय. त्यांनी टोपी घातली आणि दार ओढलं.

तर दारात गोजरबाई. घामानं निथळत होती. एका हातानं राघूंची चौकट धरलेली, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी.

"अगं आई गं," ती म्हणाली. "सरका. बसू द्या आधी. गुडघे गेले माझे."

मांगीलालनी घाईनं पाट सरकवला. "इतक्या उन्हात कशाला आलात?"

"मंग कशी येऊ? उडून?" ती पाटावर आदळली. "माझ्या घरून तुमच्या घरी यायला आता गाव फिरावं लागतंय. वेस, मारुती, चावडी, ती चहाची टपरी. टपरीवर ते बसलेले टोळभैरव. एक मेला म्हणतो, आजी कुठं निघाल्या नटून? पायताण हाणलं असतं, पण वाटी सांडली असती."

"आहे काय वाटीत?"

"कैरी. मीठ-तिखट लावून." तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या सुनेला दिवस गेलेत शेठ. माहीत हाय का?"

मांगीलालना माहीत नव्हतं.

"न्हाई ना? अन् नवऱ्याला बी धड सांगितलं नसंल तिनं. लाजते पोर. पहिलटकरीण. अन्न टिकून न्हाई राह्यलं पोटात, घरात एक बाईमाणूस न्हाई. कोणाला सांगायचं तिनं? खांबाला?"

मांगीलाल खाली बघू लागले. हिनं दाराबाहेरून ऐकलं होतं.

"चैत्रापर रोज दुपारी यायची माझ्याकडं. मी जायची तिच्याकडं. पलीकडून पुष्पाबाई यायची, सोनारणी यायच्या. पापड लाटायचो, केस विंचरायचो, रडायचो, हसायचो. तुमची बायको बी तसंच करायची. माझ्या घरी ऱ्हायची तेव्हा दुपार झाली की वकिलीणबाईच्या माळवदावर. मारवाड्याची सून, तिला गल्लीतून जाता येतंय का चार माणसांदेखत? वरून जायची. घुंगट बी घ्यायची न्हाई वर. तुम्ही तिला मोंढ्यात नेली अन् तिचं येणं तुटलं. मला एकदा निरोप धाडला होता तिनं. म्हणाली, गोजराक्का, कुलकर्ण्यांचं घर आमच्याकडं आलं की बघ, मी अन् माझी सून दोघी वरून येतो."

"मला का नाही सांगितलंत?" मांगीलाल म्हणाले.

"सांगायलाच आल्ते की! तुम्ही म्हणाले तिचं नाव काढू नका."

थोड्या वेळानं ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरातून आधी कुजबुज आली, मग रडणं आलं. मग गोजरबाईचा आवाज, "खा, खा, आधी खा."

*

ती परत निघाली तेव्हा मांगीलाल तिच्याबरोबर निघाले. कशाला ते तिनं विचारलं नाही.

गोजरबाई थांबत थांबत चालत होती. वेस आली. मारुती आला. चावडीवर बसलेल्या दोघा-तिघांनी "राम राम शेठ" केलं. चहाच्या टपरीवर बिड्या ओढत बसलेली पोरं बघत राहिली. ह्या रस्त्यानं ते रोज मोंढ्यात जात होते आणि किती लांब आहे, किती लांब आहे म्हणून रोज वैतागत होते. पण ह्या रस्त्यावर बाई चालू शकते का, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. आज गोजरबाईच्या मागून चालताना त्यांना टपरीवरची प्रत्येक मान वळलेली दिसली. म्हातारीकडे बघून ही पोरं हसतात, तर घुंगटातल्या विशीतल्या पोरीचं काय?

गोजरबाईच्या घराचा जिना त्यांच्या ओळखीचा होता. चढताना ते सवयीनं खाकरले.

"कोण न्हाई वर," गोजरबाई खालून म्हणाली. "कोण येणार आता?"

ते वर आले. माळवदं एकाला एक लागून पसरली होती, पांढरी, सपाट, मधे हातभर कठडे. पार टोकाच्या सोनारांच्या घरापर्यंत. कुठे कुरडया वाळत होत्या, कुठे लुगडं. एका घरावरून दुसऱ्या घरावर जायच्या जागी माती पायांनी दबून वाट पडली होती, शेताच्या बांधावर पडते तशी. ती वाट वळत वळत गोजरबाईच्या माळवदावर येत होती, तिथून त्यांच्या घराकडे जात होती, आणि मच्छिंद्रच्या भिंतीला जाऊन भिडत होती. भिंतीवर पत्रे चकाकत होते. पलीकडच्या दोन घरांची वाटही त्यांच्याच माळवदावरून जाणारी, तीही तिथेच संपली होती. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या मधोमध त्यांनी पत्र्याचा डोंगर उभा केला होता.

भिंतीच्या पायाशी पायरीसाठी ठेवलेला एक दगड होता. अर्धा भिंतीत गाडला गेलेला, अर्धा बाहेर. मांगीलाल वाकले. जात्याची तळी. कडेला टाकीनं मारलेली फुली. लग्नाच्या वर्षी अंबडच्या बाजारातून ते जातं आणताना, गाडीत दुसऱ्यांच्या जात्यांत मिसळू नये म्हणून त्यांनीच पाथरवटाकडून ती फुली मारून घेतली होती. पुढे जात्याची वरची पाळी फुटली. तळीचं काय केलंस असं त्यांनी एकदा विचारलं होतं, तर प्रेमबाई म्हणाली होती, "दिली एका ठिकाणी. उपयोगी पडते."

मधोमध ती पायांनी झिजून गुळगुळीत झाली होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. उन्हानं तापली होती. हात भाजला तरी त्यांनी तो बराच वेळ उचलला नाही.

*

"आता?" बजरंग ओरडला. "मृग तोंडावर आलाय, आणि आता पत्रे काढायचे?"

"हो."

"आणि लाकूड भिजलं तर?"

"भिजू दे."

"मग टाकले कशाला? घर घेतलं कशाला? बाबूजी, मी तुमच्यापुढे हात टेकले. आधी म्हणता नक्षी, मग म्हणता पत्रे, आता म्हणता माती!"

"ओरड तू," मांगीलाल म्हणाले. "पण हमाल पाठव. आणि बींदणीला वैद्याकडे ने."

बजरंग बघतच राहिला. "कशाला?"

"तिलाच विचार. ह्या वेळी पाठ केली तरी विचार."

मच्छिंद्रला निरोप गेला. तो टेंभुर्णीला होता. परत आला आणि ऐकून म्हणाला, "बराबर हाय शेठ." मांगीलालनी त्याला एवढी शिवी हासडली की समोरच्या ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली. पण भिंत त्याच्याशिवाय कोण उतरवणार? त्याच्याच हातानं उतरवली. मागची पाडताना मांगीलाल वर उभे राहिले, तळीला पहार लागू नये म्हणून. पत्रे गिरधारीलालनी घेतले, निम्म्या भावानं, आणि घेताना म्हणाले, "मी काय म्हणत होतो? जागा बघावी."

"जागाच बघितली," मांगीलाल म्हणाले. गिरधारीलालना कळलं नाही. मांगीलालनीही समजावलं नाही.

पांढऱ्या मातीच्या गाड्या पुन्हा गल्लीच्या तोंडाशी अडकल्या. पुन्हा लोक अक्कल शिकवायला बाहेर आले. माती टोपल्यांनी वर गेली. पसरायला गोजरबाईनं पुष्पाबाईला आणलं, सोनारणींना आणलं, आणि खालून मांगीलालना फक्त धुमसाचे ठोके आणि त्यांची बडबड ऐकू येत होती. दाराच्या वरचा कोपरा मात्र त्या वर्षी गळलाच, आणि पुढेही गळत राहिला. राघूंच्या माना काळ्या पडल्या त्या पडल्याच. बजरंग रोज मोंढ्यातून पाय ओढत यायचा आणि म्हणायचा, लांब आहे. स्टेशनचं घर कोणी तरी दुसऱ्यानं घेतलं.

माती घातल्यावर काही दिवसांनी, दुपारी, मांगीलाल ओसरीवर चहा घेत बसले होते. वर धपधप पावलं वाजली आणि बशीत मातीचे कण पडले. ते चिडले. माती नीट बसली आहे की नाही बघावं म्हणून उठले, जिन्याशी गेले, खाकरले आणि एक पायरी चढले.

वरची पावलं थांबली. मग संतोषबाईचा आवाज आला. स्पष्ट, मोठा, खालपर्यंत पोचेल असा.

"गोजरामामी, खाली सांगा ना. वर येऊ नका म्हणावं. बायका बसल्यात."

"ऐकलं का शेठ?" गोजरबाई ओरडली. "बींदणी म्हणते, वर येऊ नका!"

"ऐकलं," मांगीलाल म्हणाले. ते पायरी उतरले, परत ओसरीवर आले, आणि बशीवर पंच्याचं टोक झाकून बसून राहिले.